रोमवरच्या मालिका किती खऱ्या, हे टक्क्यांत का सांगता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एचबीओ आणि बीबीसीची 'रोम' मालिका सलग पाहून संपवली. अक्षरशः वेड लागलं. मग ऑक्टेव्हियनच्या आईबद्दल, म्हणजे अटियाबद्दल वाचलं, तर खरी अटिया तशी मुळीच नव्हती म्हणे. फसवल्यासारखं वाटलं. एवढा खर्च केला, इतिहासाचा सल्लागार नेमला, तरी असं का करतात? यातलं नक्की किती टक्के खरं धरायचं? मी इतिहासात एम.ए. करतोय. अशा मालिका बघाव्यात, की त्या डोक्यात चुकीचं चित्र बसवतात?"

मी कॉलेजात प्राचीन जगाचा इतिहास शिकवते, आणि मराठी ऐतिहासिक मालिकांच्या संहिता तपासण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. रोमवरच्या मालिकेसाठी मी काम केलेलं नाही. पण संहिता तपासताना जे प्रश्न पडतात ते विषय रोमचा असो की रायगडचा, फारसे बदलत नाहीत. म्हणून तुमच्या रागाला आधी उत्तर देते आणि मग अभ्यासाच्या प्रश्नाकडे येते.

"किती टक्के खरं" या प्रश्नाला मी कुणालाच आकडा सांगत नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात. हे घडलं का? घडलं असं कुणी सांगितलं, आणि त्याला तसं सांगण्यात काय रस होता? आणि घडलं नसलं तरी त्या काळात, त्या माणसांच्या हातून ते घडू शकलं असतं का? एकाच प्रसंगाला या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. संहिता वाचताना मी समासात "बरोबर" किंवा "चूक" असं लिहीत नाही. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी लिहिली आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, एवढंच लिहिते. अर्धा वाद तिथेच मिटतो.

सीझरच्या काळाची साधनं बघा. वक्ता आणि राजकारणी सिसेरो याची पत्रं हा त्यातला सर्वांत मोलाचा ठेवा. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून नऊशेच्या वर पत्रं आज उपलब्ध आहेत. ती त्या त्या आठवड्यात, उद्या काय होणार हे माहीत नसताना लिहिलेली आहेत. सीझरचं स्वतःचं लेखन आहे, पण ते स्वतःच्या बाजूने केलेलं आहे. मालिकावाल्यांना ज्यांच्याकडून रंगतदार प्रसंग मिळतात ते लेखक मात्र बरेच नंतरचे. प्लुटार्क आणि सुएटोनियस हे सीझरच्या खुनानंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहितात. कॅसियस डिओ तर तिसऱ्या शतकातला, म्हणजे अडीचशे वर्षांनंतरचा. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. बखरी आणि पत्रव्यवहार यांतला फरक आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ मध्ये पानिपतच्या काळातली पत्रं छापली तेव्हापासून चर्चेत आहे. प्लुटार्क वाचताना तीच सावधगिरी बाळगायची. तो टाकाऊ नाही, पण सिसेरोच्या पत्राशेजारी ठेवल्याशिवाय त्याच्यावर विसंबायचं नाही.

आता अटिया. इथे तुमचा राग रास्त आहे, पण तो थोडा वेगळ्या कारणासाठी असायला हवा असं मला वाटतं.

मालिकेतली अटिया विधवा आहे, कारस्थानी आहे, सीझरचा सेनापती मार्क अँटनी याची प्रेयसी आहे, आणि ॲक्टियमच्या लढाईनंतरही, म्हणजे ऑक्टेव्हियनने अँटनीला हरवल्यानंतरही, जिवंत आहे. खऱ्या अटियाचा दुसरा नवरा लुसियस मार्सियस फिलिप्पस चांगला हयात होता. मालिकेने तो काढूनच टाकला. सीझरने मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसला, वारस केल्याची बातमी आली तेव्हा हा वारसा घेऊ नकोस, जिवावर बेतेल, असं या नवराबायकोनं त्याला समजावल्याचं प्राचीन लेखक सांगतात. अटिया वारली इ.स.पू. ४३ मध्ये, म्हणजे ॲक्टियमच्या बारा वर्षं आधी. इतिहासकार टॅसिटसने तर मुलांना स्वतः लक्ष घालून वाढवणाऱ्या आदर्श आयांमध्ये तिचं नाव घेतलं आहे. मात्र हे "आदर्श आई"चं चित्रही जपूनच घ्या. सम्राटाची आई आदर्शच असायला हवी होती, आणि तिच्याविषयी वाईट लिहिणं ऑगस्टसच्या राज्यात सोयीचं नव्हतं.

मग मालिकेतली ही बाई आली कुठून? अशी प्रतिमा साधनांत आहे, फक्त ती दुसऱ्या स्त्रीची आहे. इ.स.पू. ५६ मध्ये सिसेरोने कोर्टात कीलियस नावाच्या तरुणाचा बचाव करताना क्लोडिया नावाच्या उच्चकुलीन विधवेचं जे चित्र रंगवलं, ते मालिकेतल्या अटियाच्या फार जवळचं आहे. पण ते विरुद्ध पक्षाच्या वकिलाचं भाषण आहे आणि क्लोडियाचा भाऊ सिसेरोचा हाडवैरी होता. म्हणजे मालिकेने अटियाला दुसरीचा मुखवटा चढवला, आणि तो मुखवटाही मुळात बदनामीसाठी घडवलेला होता. समासात मी एवढंच लिहिलं असतं: "ही क्लोडिया, सिसेरोच्या नजरेतली."

माझी खरी तक्रार पुढे आहे. अटिया आणि अँटनीचं प्रकरण रचताना मालिकेने अँटनीची बायको फुल्विया पूर्ण गाळली. ही बाई खरोखर होऊन गेली आणि तिचं आयुष्य कुठल्याही पटकथेला पुरून उरेल असं आहे. अँटनी पूर्वेकडे असताना तिने आणि अँटनीच्या भावाने ऑक्टेव्हियनविरुद्ध सैन्य उभं केलं. इ.स.पू. ४१-४० च्या हिवाळ्यात पेरुजिया शहराला ऑक्टेव्हियनने वेढा घातला. त्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी गोफणीतून मारलेल्या शिशाच्या गोळ्या उत्खननात सापडल्या आहेत, आणि त्यांच्यावर शिव्या आहेत. काहींवर फुल्वियाचं नाव, काहींवर ऑक्टेव्हियनचं, आणि मजकूर घरात मोठ्याने वाचता येणार नाही असा. दीडशे वर्षांनंतरच्या कुणा लेखकाचं हे ऐकीव नाही. समोरच्या तटावरच्या माणसाला मारायच्या गोळीवरच ती शिवी आहे. इतकं जिवंत साधन बाजूला ठेवून एक काल्पनिक प्रेमप्रकरण आणायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं का होतं, तेही सांगते, कारण "सल्लागार असूनही का" हा तुमचा मूळ प्रश्न आहे. दीर्घ मालिकेला एक घर लागतं. आई, मुलगा, मुलगी, नोकर, आणि येणारे-जाणारे. प्रेक्षक दर आठवड्याला त्या घरात परत येतो. ऑक्टेव्हियन, ऑक्टेव्हिया आणि अटिया एका घरात ठेवले, अँटनीला तिथे येता-जाता केलं, की राजकारणाचा प्रत्येक धागा त्याच दिवाणखान्यातून जातो. फुल्विया आणायची तर दुसरं घर, दुसरा सेट, नवे नट आणि त्यांचे करार आले. शिवाय तिच्या आधीच्या दोन नवऱ्यांची हकिगत सांगावी लागणार. त्यातला पहिला क्लोडियस, वर सांगितलेल्या क्लोडियाचा भाऊ. लेखकांच्या बैठकीत पात्रं कमी करायची वेळ आली की सल्लागाराचं म्हणणं ऐकून घेतलं जातं आणि बाजूला ठेवलं जातं. त्यात कुणाची लबाडी नसते. सल्लागाराने कपडे, देव, भांडी, संबोधनं सांभाळावीत आणि कथा लेखकाने, अशी वाटणी जवळपास प्रत्येक निर्मितीत असते. "रोम"च्या सल्लागारांचं काम म्हणूनच रस्त्यावर दिसतं, कथानकात कमी दिसतं.

आणि ते रस्त्यावरचं काम खरोखर उत्तम आहे. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभा केलेला फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, पाहा. पांढराशुभ्र संगमरवर नाही. रंगवलेल्या भिंती आणि पुतळे, त्यांच्यावर कोरलेला आणि खरडलेला मजकूर, अरुंद गल्ल्या, घाण, गर्दी. रोमन पुतळे आणि देवळं रंगीत असत. आज आपल्याला ती पांढरी दिसतात, कारण रंग उडाले. भिंतींवरच्या खरडीचा पुरावा पोम्पेईत ढिगाने आहे. फोरममध्ये बातम्या ओरडून सांगणारा तो जाडजूड निवेदक काल्पनिक आहे, पण इ.स.पू. ५९ मध्ये कॉन्सुल, म्हणजे वर्षापुरता सर्वोच्च अधिकारी, झाल्यावर सीझरने सिनेटचं आणि लोकांचं रोजचं कामकाज प्रसिद्ध करायला लावलं हे सुएटोनियस सांगतो. त्या आधारावर रचलेलं हे पात्र आहे. अशा रचनेला मी खोटं म्हणत नाही.

व्होरेनस आणि पुल्लो या मालिकेच्या दोन नायकांचंही तसंच. ही दोन नावं सीझरच्या लेखनातली आहेत. इ.स.पू. ५४ च्या हिवाळ्यात गॉलमधल्या नर्वी टोळीने क्विंटस सिसेरोच्या, म्हणजे वक्त्या सिसेरोच्या भावाच्या, छावणीला वेढा घातला, तेव्हा बढतीसाठी एकमेकांशी चुरस करणारे हे दोन सेंच्युरियन, म्हणजे तुकडीप्रमुख, तटाबाहेर उड्या टाकतात, एकमेकांचा जीव वाचवतात, आणि या दोघांत शूर कोण हे ठरवता येत नाही असं सीझर लिहितो. मालिकेने पुल्लोला साधा शिपाई केलं, पण मूळ बीज तिथलं आहे. गंमत म्हणजे सीझरच्याच यादवी युद्धावरच्या ग्रंथात पुल्लो याच नावाचा एक माणूस सीझरचा शत्रू पाँपे याच्या बाजूने लढताना येतो, आणि हाच तो पुल्लो असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मालिकेला हे वापरता आलं असतं! मोठी माणसं साधनांनी बांधलेली असतात. त्यांच्या सावलीतल्या, एका परिच्छेदापुरत्या उरलेल्या माणसांना आयुष्य देणं हा ऐतिहासिक कथेचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे असं माझं मत आहे. फक्त क्लिओपात्राचा मुलगा सीझरियन याचा बाप पुल्लो ठरवताना त्यांनी ती मर्यादा ओलांडली.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. इतिहासाला धरून असलेली मालिका म्हणून ज्येष्ठ लोक तुम्हाला १९७६ ची बीबीसीची "आय, क्लॉडियस" सुचवतील. बघाच. सगळी स्टुडिओत केलेली, लढाई नाही, गर्दी नाही, आणि तरी नजर हलत नाही. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या कादंबऱ्यांवर ती बेतली आहे आणि प्रसंग जागोजागी टॅसिटस, सुएटोनियस आणि डिओ यांच्याकडून घेतलेले आहेत. पण साधनांत आहे म्हणजे घडलं असं होत नाही, हे शिकवायला याच मालिकेसारखं उदाहरण नाही.

त्यातली ऑगस्टसची बायको लिव्हिया एकामागून एक माणसं विषाने संपवते आणि शेवटी ऑगस्टसलाही विषारी अंजिरं खायला घालते. अंजिरांची गोष्ट डिओने दिली आहे, तीही अफवा म्हणून, आणि घटनेनंतर दोनशे वर्षांनी. आता नकाशा काढा. ऑगस्टसचा नातू लुसियस इ.स. २ मध्ये मासिलियात, म्हणजे आजच्या मार्सेयमध्ये वारला. दुसरा नातू गायस आर्मेनियात जखमी झाला आणि इ.स. ४ मध्ये परतीच्या वाटेवर लिसियात वारला. दोघेही रोमपासून दूर, त्यातला एक लढाईच्या जखमेने खंगलेला. स्वतः ऑगस्टस इ.स. १४ मध्ये गेला तेव्हा शहात्तरीच्या उंबरठ्यावर होता. तापाने, जखमेने, वयाने माणसं मरत होती. पण प्रत्येक मृत्यूनंतर लिव्हियाचा मुलगा टायबेरियस गादीच्या एक पाऊल जवळ येत गेला, आणि टायबेरियसवर रोष असलेल्या सिनेटर वर्गाने पुढच्या शंभर वर्षांत त्यामागे हात शोधला. टॅसिटस या वर्गाचा सर्वांत थोर लेखक. तो आरोप करत नाही, "असं म्हणतात" एवढंच म्हणतो आणि वाचकाच्या मनात संशय ठेवून पुढे जातो. पडद्यावर "असं म्हणतात" दाखवता येत नाही. तिथे बाई हातात अंजीर घेऊन दिसते.

कॅलिग्युला, नीरो, क्लिओपात्रा यांचंही असंच. नीरो आग लागली तेव्हा रोममध्ये नव्हता, अँटियमला होता, हे खुद्द टॅसिटस सांगतो. क्लिओपात्रा सीझरकडे गालिच्यातून आली हे नंतरचं. प्लुटार्कमध्ये ती अंथरुणाच्या वळकटीत लपून येते. तिच्या रूपापेक्षा तिच्या बोलण्याची आणि अनेक भाषा येत असल्याची त्याने तारीफ केली आहे. "रोम" मालिकेतली नशेत बुडालेली, कामातुर राणी ही मात्र सरळ ऑक्टेव्हियनच्या प्रचारातून उतरलेली आहे. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्या बाईविषयी जे पसरवलं, ते दोन हजार वर्षांनी पुन्हा पडद्यावर आलं. मला विचाराल तर मालिकेतली ही सर्वांत मोठी चूक. अटियापेक्षा मोठी. अटियाच्या बाबतीत लेखकांनी काहीतरी नवीन रचलं तरी. इथे त्यांनी एका पक्षाचं पत्रक जसंच्या तसं घेतलं.

इथपर्यंतचा मुद्दा एका ओळीत: रचलेलं सगळं खोटं नसतं आणि ग्रंथात सापडलेलं सगळं खरं नसतं.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते. चिलखत, टोगा, तारखा यांतल्या चुका कुणीही शोधून दाखवतो. डोक्यात चुकीचं चित्र बसतं ते तिथून नाही. रोमन पात्रांना आपलं आजचं मन दिलं की ते बसतं.

गुलामगिरी घ्या. बऱ्याच मालिकांत नायकाला गुलामगिरी मनातून खटकत असते. तो दासीकडे समानतेने पाहतो, दुष्ट माणूस तेवढा गुलामाला मारतो. प्रेक्षकाला नायक आवडावा म्हणून हे केलं जातं, आणि नेमकं इथे रोम हातून निसटतं. स्पार्टाकस या ग्लॅडिएटरच्या पुढारपणाखालचं गुलामांचं बंड इ.स.पू. ७३ ते ७१ मधलं. कापुआच्या आखाड्यातून सत्तर-ऐंशी ग्लॅडिएटर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन निसटले, आणि शेवटी रोमन सेनापती क्रॅससने ६,००० बंदिवानांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रुसावर चढवलं. पण गुलामगिरी ही संस्थाच मोडावी असा स्पार्टाकसचा हेतू होता, असं एकही प्राचीन लेखक म्हणत नाही. ते हेतू आपण त्याला दिले.

म्हणून "रोम" मालिकेतला व्होरेनसचा एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. गॉलमधून त्याने आपल्या वाट्याचे गुलाम आणलेले असतात, विकून धंद्याला भांडवल करायचं म्हणून. ते कोंडवाड्यात रोगाने मरतात, एक लहान पोर उरतं. व्होरेनस हादरतो तो भांडवल बुडालं म्हणून. हा मालिकेचा सज्जन, कर्तव्यकठोर, बायकामुलांवर जीव टाकणारा नायक आहे, आणि तरी तो असा विचार करतो. ही पटकथा रोमन माणसाला रोमन राहू देते. त्यात एकही ऐतिहासिक घटना नाही, पण इथे मालिका काळाशी पूर्ण प्रामाणिक आहे.

मात्र "सगळे रोमन दगडाच्या काळजाचे" असंही समजू नका. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या गुलामांना ठार करायचं होतं, आणि ते होते ४००. बायका-मुलांसकट. शहरातली सामान्य माणसं रस्त्यावर उतरली, सिनेटमध्ये वाद झाला. कॅसियस लाँजिनस या कायदेपंडिताने उभं राहून सांगितलं की दहशतीशिवाय या लोकांना ताब्यात ठेवता येणार नाही. नीरोने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक उभे केले आणि शिक्षा अमलात आणली. टॅसिटसने हे सविस्तर लिहिलंय. निरपराध मारले जाताहेत, एवढ्यावर जमाव चिडला होता. गुलाम मोकळे करा असं त्यातलं कुणी म्हटल्याचं तो लिहीत नाही. या दोहोंमधलं अंतर दाखवू शकणारी पटकथा माझ्या हातात आली तर मी तिच्या टोगाच्या चुण्यांकडे बघणारसुद्धा नाही.

देवधर्माबाबतही हाच निकष. "रोम"च्या सुरुवातीच्याच भागांत अटिया खड्ड्यात बसते आणि वर कापलेल्या बैलाच्या रक्ताने न्हाते. दृश्य विसरता येत नाही, पण अशा प्रकारच्या बैलबळीचे पुरावे इ.स. दुसऱ्या शतकापासूनचे, आणि रक्तस्नानाचं वर्णन तर इ.स. ४०० च्या आसपासच्या प्रुडेंटियस या ख्रिस्ती कवीचं, म्हणजे विरोधकाचं. सीझरच्या काळात ते बसत नाही. उलट त्याच मालिकेत कोठडीत अडकलेला पुल्लो फोर्क्युलस या दारांच्या देवाला नवस बोलतो: सोडवलंस तर पांढरं कोकरू देईन, आणि ते परवडणाऱ्या भावात नाहीच मिळालं तर सहा कबुतरं. अर्ध्या मिनिटाचं दृश्य. पण रोमन धर्म बराचसा असाच होता: प्रत्येक कामाचा वेगळा देव, नेमक्या शब्दांत बोललेला नवस, आणि दोन्ही बाजूंनी पाळायचा व्यवहार. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रज-अमेरिकन प्रेक्षकाला पुल्लो विनोदी वाटला असेल, मला तो अगदी ओळखीचा वाटला.

वस्तूंबद्दल भराभर सांगते. रोमन घोडेस्वाराकडे रिकीब नव्हती. युरोपात ती काही शतकांनी आली. पडद्यावर नट घोड्यावर बसतात तेव्हा रिकिबी झाकलेल्या असतात किंवा उघड्याच दिसतात. माणूस पडून हाडं मोडण्यापेक्षा ते बरं, तिथे मी हट्ट धरत नाही. पट्ट्यांचं चिलखत ऑगस्टसच्या काळापासून दिसतं, त्यामुळे सीझरच्या शिपायाच्या अंगावर जाळीचं चिलखत हवं, आणि "रोम"ने तेच दिलं. मनगटावरचे ते चामडी पट्टे जवळपास सगळ्याच मालिकांत असतात, पुराव्यात नसतात. अंगठा खाली करून मृत्यू सुनावण्याची खूण आपल्या डोक्यात बसली ती जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे. ताटात टोमॅटो, मका, मिरची दिसली तर मात्र मी शूट थांबवायला सांगेन; ती सगळी अमेरिकेतून आलेली.

एक तपशील मला विशेष आवडतो. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडून यादवी युद्ध सुरू केलं ते इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत. पण तेव्हाचं रोमन पंचांग ऋतूंच्या बरंच पुढे पळालेलं होतं. ते जागेवर आणायला सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. म्हणजे तो "जानेवारी" ऋतूने हिवाळ्याच्या सुरुवातीचा होता. अंगावर किती लोकरी घालायची, झाडांवर किती पानं ठेवायची, हे त्यावर ठरतं.

आणि मसाल्यांच्या वासाचं काय? रोमन श्रीमंतांच्या जेवणात मिरी जागोजागी असे आणि ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई. रोमन लेखक प्लिनीने काळ्या मिरीचा भाव पौंडाला ४ दिनार दिला आहे, आणि हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रारही केली आहे. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, चौल आहेत. पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला येतं असंही त्यात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती याच व्यापाराची खूण. ऑगस्टसनंतरच्या रोमवरच्या मालिकेत बाजाराचं दृश्य आलं की मी हा माल शोधते. बहुतेकदा तिथे द्राक्षं आणि मासे असतात.

तर तुम्ही मालिका बघाव्यात का? कशासाठी बघताय त्यावर अवलंबून आहे. परीक्षेच्या आदल्या महिन्यात नको. घटनाक्रम पुसट होतो. "रोम"मध्ये फिलिप्पीच्या, म्हणजे सीझरच्या मारेकऱ्यांच्या पराभवाच्या, दोन लढायांची एक झालेली आहे, आणि उत्तरपत्रिकेत ती एकच उतरण्याची दाट शक्यता. विषयात नुकतेच शिरला असाल तर जरूर बघा, कारण रोमच्या सुबुरा या गरीब वस्तीतली गल्ली, आश्रिताने सकाळी धन्याच्या दारी हजेरी लावणं, फोरममधला कोलाहल हे पाठ्यपुस्तकातून उभं राहत नाही. लिहिणारे व्हायचं असेल तर दोनदा बघा. एकदा मन लावून, एकदा हातात वही घेऊन.

क्रमही सांगते. आधी भाग बघा, मग साधन वाचा. उलट केलंत तर दर मिनिटाला चूक काढत बसाल आणि पटकथेने काय साधलं ते निसटेल. सीझर आणि त्याचा मारेकरी ब्रूटस यांच्यासाठी प्लुटार्कची चरित्रं पुरेत, इंग्रजी भाषांतरात सहज मिळतात. त्यांच्या जोडीला सिसेरोचं एक पत्र वाचा, इ.स.पू. ४५ च्या डिसेंबरातलं. सीझर २,००० माणसं घेऊन त्याच्याकडे जेवायला येतो. सिसेरो अ‍ॅटिकस या मित्राला कळवतो की जेवण झालं, गप्पा साहित्याच्या झाल्या, गंभीर विषय कुणीच काढला नाही, आणि हा काही "पुन्हा या हं" म्हणावं असा पाहुणा नव्हे. तीन महिन्यांनी सीझरचा खून झाला. हे पत्र कुठल्याही मालिकेतल्या सीझरइतकंच जिवंत आहे, आणि ते घडलेलं आहे.

ब्रूटसची आई सर्व्हिलिया हिचंही तपासून बघा. मालिकेत ती अटियाच्या दारात स्वतःला संपवते. प्लुटार्क सांगतो की ब्रूटसची रक्षा तिच्याकडे पाठवण्यात आली, आणि चरित्रकार नेपोस सांगतो की फिलिप्पीनंतर अ‍ॅटिकसने तिची पूर्वीइतकीच काळजी घेतली. यातलं कुठलं दृश्य तुम्ही लिहिलं असतं आणि का, यावर एक पान लिहा.

आणि एम.ए.च्या प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर फुल्विया घ्या. पेरुजियाच्या त्या गोळ्यांवरचे लेख लॅटिन शिलालेखांच्या बर्लिनहून निघालेल्या मोठ्या संग्रहाच्या अकराव्या खंडात, क्रमांक ६७२१ खाली आहेत. मजकूर दोन-तीन शब्दांचे आहेत, त्यामुळे लॅटिन जेमतेम येत असलं तरी कोशाच्या मदतीने लागतात. त्यांच्यासमोर फुल्वियाविषयी प्लुटार्क, ॲपियन आणि डिओ काय लिहितात ते ठेवा. पहिलं प्रकरण तेवढ्यावर उभं राहील. अडलात तर इथेच विचारा, मी बघत असते.